उघडी ठेवलेली लेथ

अप्पा,

सकाळपासून संगणकाच्या पडद्यावर तुम्हाला मी मागेपुढे करते आहे. तुम्ही तोंड उघडता, मी थांबवते, मागे नेते, पुन्हा बोलायला लावते. हयात असताना तुम्हाला असं कुणी गप्प केलं नसतं. डांगे चौकातली ती सभा आहे, महापालिकेच्या निवडणुकीला तुम्ही अपक्ष उभे राहिलात तेव्हाची. रिक्षाच्या टपावर कर्णा, बाजूला तुमचं चिन्ह म्हणून बांधलेली उघडी छत्री आणि तिच्या सावलीत येऊन झोपलेला एक कुत्रा. शेजारच्या गल्लीतल्या लग्नाचं शूटिंग करणाऱ्याने हौसेने ते टिपलं, म्हणून आज तुम्ही हलतेबोलते माझ्यासमोर आहात. "इथं आपल्या हातून निघालेला तोफगोळा कुठंतरी पडणारच की. तिथंही शाळा असतील, नळ असतील," असं तुम्ही म्हणता आणि गर्दीतली एक बाई विचारते, "अप्पा, तिथल्या नळाचं ऱ्हाऊ द्या, आमच्या नळाला पाणी कवा येणार?" तुम्ही खरोखर विचार करता. मग सगळ्या चौकाला ऐकू जाईल असं कर्ण्यावरून सांगता, "ते मला ठाऊक नाही." अशाने कुणी निवडून येतं का, अप्पा? डिपॉझिट जप्त झालं आणि तुम्ही दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला डबा घेऊन गेलात.

मी तुमच्यावर माहितीपट करते आहे. तुमच्यावर म्हणजे तुम्हा चार-पाच कामगारांवर, जे दर रविवारी सकाळी चौकात "युद्ध नको" असे पुठ्ठ्याचे फलक धरून उभे राहायचे आणि ज्यांना येणारेजाणारे "सीमेवर जाऊन सांगा" म्हणून हिणवायचे. एकदा सुट्टीवर आलेला एक जवान तुमच्याशेजारी येऊन उभा राहिला होता. तुमच्यासोबत चहा प्याला आणि निघून गेला. तुम्ही घरी येऊन ते आईला सांगितलंत तेव्हा तुमचा चेहरा परीक्षेत पास झालेल्या मुलासारखा होता. तो प्रसंग मला चित्रपटात हवा आहे, पण तो आता कुणालाच आठवत नाही. सांगायला मी एकटी आहे, आणि मला कॅमेऱ्यामागेच बरं वाटतं.

तुमचं हे वेड कुठून आलं, ते मला माहीत आहे. आपलं साताऱ्याकडचं गाव, घरटी एक माणूस फौजेत. आपल्या घरातून थोरले चुलते गेले आणि धडधाकट परत आले. हात शाबूत, पाय शाबूत. फक्त घरात कुकरची शिट्टी झाली की ते परसात जाऊन जमिनीला पोट लावून पडायचे. आई लग्न होऊन आली ती कुकर घेऊन, आणि पहिल्याच आठवड्यात तो माळ्यावर गेला. त्या घरात कायम उघड्या पातेल्यात भात शिजला. तुम्ही कधी मोठी पुस्तकं वाचली नाहीत. थोरला भाऊ परसात पडलेला पाहिला होतात, तेवढं तुम्हाला पुरलं.

आणि नशीब बघा, पिंपरीच्या त्या कंपनीत इतकी वर्षं गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या तुमच्याच लेथवर तोफगोळ्याच्या कवचाची ऑर्डर आली. आकारावरून तुम्ही सगळे त्याला "बाटली" म्हणायचात. मी तेव्हा शाळेत होते, तोंडाने फटकळ होते. म्हटलं, "इतकं वाईट वाटतं तर सोडा की नोकरी." तुम्ही ताटावरून मान वर न करता म्हणालात, "तू उद्यापासून जेवण सोड, मी परवापासून नोकरी सोडतो." मी चिडून उठले, आणि थोड्या वेळाने परत येऊन जेवले. तुम्ही हसलाही नाहीत. तुम्हाला उत्तर नको होतं, तुम्हाला बाहेर पडायची वाट हवी होती आणि ती नव्हती, हे आता या वयात माझ्या लक्षात येतं.

मग ती खंडेनवमी. गावाकडे त्या दिवशी तलवारी-बंदुका पुजतात आणि आपल्या या पट्ट्यात मशिनं. सगळी लाइन धुऊनपुसून, झेंडूच्या माळा, केळीचे खुंट, प्रत्येक मशीनपुढे नारळ. तुम्ही सुपरवायझरला म्हणालात, "लेथला मी हात जोडतो, तिनं मला जगवलंय. पण आज तिच्या चकच्या जबड्यात बाटली धरलेली आहे. ती आधी काढा, मग पूजा करतो." त्याने काढली नाही, कारण काढली तर सकाळभर बसून केलेलं सेटिंग गेलं असतं. मग तुम्हीही पूजा केली नाहीत. वर्षभर पोटासाठी बाटल्या कातीन, पण तिच्यापुढे हात जोडणार नाही, एवढाच तुमचा हट्ट. लोक खवळले. तुम्ही युद्धाच्या विरोधात आहात म्हणून नाही, अप्पा. मशीनचा अपमान केला म्हणून. तोफगोळ्याबद्दल कुणाला काही वाटलं नाही, पण सणाच्या दिवशी लेथ ना हार, ना कुंकू, अशी उघडी ठेवली म्हणजे काय!

माझा सगळा चित्रपट त्या उघड्या लेथवर उभा आहे. जे जे भेटले त्यांनी कॅमेऱ्यासमोर तेच सांगितलं. काकांनी तर सगळ्यात रंगवून. तुमच्या शेजारच्या मशीनवरचे काका, रविवारी चौकात फलक धरणारे, निवडणुकीत तुमच्या रिक्षापुढे ताशा वाजवणारे. "दिसभर उघडी ठिवली त्यानं लेथ. साहेब आला, मॅनेजर आला, न्हाई म्हंजे न्हाई. आसा माणूस आमी परत बघितला न्हाई," असं म्हणताना त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. काका इथले मूळचे थेरगावचे. त्यांच्या शेतात आता इमारती आहेत, आणि त्यातल्या एकीच्या तळमजल्यावर, त्यांच्याच गाळ्यात, माझा स्टुडिओ आहे. आपल्या धाकट्याला, माझ्या भावाला, महाळुंग्याच्या कंपनीत कायम केलं तेही काकांच्या शब्दावर. आणि या निवडणुकीत, महिलांसाठी राखीव जागेवर, काकांच्या सूनबाई उभ्या आहेत. त्यांचा मोठा फलक आमच्या दारातच लागला आहे. हात जोडलेल्या सूनबाई आणि त्यांच्या पदरामागून उडणारी लढाऊ विमानं. गटाराची झाकणं बसवायला विमानं कशाला लागतात, हे विचारायची सोय नाही. त्या फलकाचा फोटो मीच काढला आहे. विमानंही मीच चिकटवली. त्यांचे प्रचाराचे व्हिडिओ मी करते, अप्पा. निवडणूक चालू आहे तोवर तेच माझं काम आहे.

आता आईचं सांगते. तिची मुलाखत मी अगदी शेवटी घेतली, कारण ती लाजते. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून पावटे सोलत बसली होती. मी नुसतं विचारलं, त्या खंडेनवमीला तू होतीस का गं? तिने शेंगेवरून नजर वर केली नाही.

"व्हते की. दुपारनं घरच्यांना बोलवायचे कंपनीत, पेढे द्यायचे. तू बी व्हतीस. समदी मशिनं नटलेली, आन् ह्यांचंच तेवढं उघडं. मला वाटलं, इसरले. मी दर वर्षाला करंडा न्यायचीच पिशवीत. लावलं हळद-कुंकू. येणीतलं फूल काढून ठिवलं."

"कुठे लावलंस?"

"कुठं म्हंजे? मशीनला. आन् पुढं ते चकचकीत बाटलीवानी धरलेलं, त्याला बी लावलं. मशीनचंच हाय, म्हणलं."

"अप्पा काय म्हणाले?"

"काय म्हणत्यात? बघत व्हते. मग तुला पेढा दिला." आणि मग सोललेले दाणे माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "का गं? चुकलं का काय माझं?"

कॅमेरा चालू होता. मी "नाही गं" म्हटलं, तेही त्यात आलं आहे.

म्हणजे लेथ उघडी नव्हतीच. लोक पेढ्याच्या रांगेत होते, कुणी वळून पाहिलं नसेल, किंवा पाहूनही विसरले असतील. तोफगोळ्यालाच कुंकू लागलं, आपल्या घरच्या करंड्यातलं, आपल्याच घरच्या बाईच्या बोटाने, आणि तुम्ही गप्प राहिलात. मला चार दिवस तुमचा राग आला. मग वाटलं, हेच तर खरं आहे, हेच दाखवायला हवं. पुतळ्यांना बायका नसतात. तुम्हाला होती.

आणि नेमके तेव्हाच काका स्टुडिओत आले. खुर्चीत बसले, चहा घेतला आणि तुमची गोष्ट बघायला मागितली. लेथच्या प्रसंगापर्यंत बघितली आणि मांडीवर थाप मारली. "पोरी, हे मतदानाच्या आधी यायला पायजे. एवढाच तुकडा. अप्पाचा वारसा म्हणून सूनबाईच्या नावानं सोडू."

मी म्हटलं, "काका, फलकावर विमानं आणि व्हिडिओत तोफगोळा नको म्हणणारे अप्पा, लोक हसतील."

"तोफगोळा कशाला सांगायचा? साहेबापुढं वाकला न्हाई, एवढंच ठिव. कशापायी, ते काढ. दिवस कसले हायेत, दिसतंय ना तुला?" मग माझ्याकडे न बघता, भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे बघत म्हणाले, "मला का कळत न्हाई व्हय? मी बी चौकात उभा व्हतो. लोकं थुंकली तवा मी बी पुसलंय त्वांड. पण आता घरातलं माणूस उभं हाय, पोरी."

मला त्यांचा तिरस्कार करता आला असता तर किती सोपं झालं असतं! धाकट्याला फोन केला. तो कंपनीच्या बसमध्ये होता, चाकण चौकात अडकलेला, मागे ट्रकचे हॉर्न. म्हणाला, "ताई, देऊन टाक तुकडा. आणि त्या बाटलीचा एवढ्यात विषयच काढू नको. आमच्या लाइनवर पण आता तसलंच काम यायला लागलंय." मी विचारलं, तुला काय वाटतं? तो म्हणाला, "मला ओव्हरटाइम वाटतो," आणि हसला. अगदी तुमच्यासारखा बोलतो कधीकधी.

तोफगोळा काढला की तुम्ही उरता एक हट्टी कामगार. आईला काढलं की उरता पुतळा. दोन्ही ठेवलं तर गाळा जातो, धाकट्याचं काय होईल सांगता येत नाही, आणि काकांची सून निवडून आली तर इथून पुढे मी ज्या नळाचं पाणी पिणार तोही त्यांचाच. कुठल्याही बाजूने गेलं तरी भिंतच. मी तुकडा दिला, अप्पा. दोन्ही काढून दिला. तुम्ही लेथशेजारी मान ताठ करून उभे, मागे काकांचा भरलेला आवाज, मग सूनबाई, मग विमानं. लोकांना फार आवडला. फोनवरून फोनवर सगळीकडे गेला. आईने शेजारणीच्या फोनवर बघितला, दोनदा लावायला सांगितला, आणि घरी येऊन मला विचारलं, "माझं कुठाय गं? चुकलंच व्हतं म्हणायचं माझं."

त्या तुकड्यातला तुमचा फोटो त्याच खंडेनवमीचा आहे. कंपनीच्या फोटोग्राफरने दुपारी काढलेला. तुमच्या कोपराआड लेथवर एक लाल ठिपका आहे. इतकी वर्षं तो फोटो आमच्या भिंतीवर आहे आणि मी तो डाग समजत होते. तुमच्या चेहऱ्यावर गिळलेला राग आहे, असंच मी कायम लोकांना सांगत आले. संहितेतही तसंच लिहिलं आहे.

आज आईसमोर बसून तिचा तो भाग पुन्हा जोडला. पूर्ण चित्रपट तयार आहे. त्यात तोफगोळा आहे, कुंकूही आहे. तो कधी दाखवेन, दाखवेन का, माहीत नाही. तुमच्यासारखंच कर्ण्यावरून सांगायचं तर, ते मला ठाऊक नाही. हे पत्रही कुठे टाकणार? तुम्ही जिथे आहात तिथे पोस्टमन जात नाही, आणि जात असता तरी हे मी पाठवलं नसतं, ते पुढच्या गोष्टीमुळे.

यंदाच्या खंडेनवमीला मी कॅमेरा पूजेला न काढता पिशवीतच ठेवला होता. त्याच्यावर सूनबाईंच्या त्या विमानांच्या प्रचाराचं काम चालू होतं. म्हटलं, अप्पांची लेक आहे, निदान एवढं तरी करू. दुपारी आई करंडा घेऊन आली. तिने काही न विचारता पिशवी उघडली, कॅमेरा मांडीवर घेतला, हळद-कुंकू लावलं, वेणीतलं फूल ठेवलं. शेजारी सूनबाईंच्या प्रचाराचं शूटिंग असलेलं मेमरी कार्ड पडलं होतं, त्यालाही बोट टेकवलं. मी तिला थांबवू शकले असते. मी बघत राहिले. मला बरं वाटलं, अप्पा. इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. कुणीतरी आपलं माणूस आलं आणि आपल्याला न विचारता सगळं पवित्र करून गेलं.

आता तो फोटो बघते, तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर मला राग दिसत नाही.