पृष्ठ एकवीस

दिनांक १७ जून, मंगळवार

चिरंजीव धाकट्यास,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. मी व तुझी वहिनी ठीक आहोत. माझ्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. तरी सुईत दोरा अजून मीच ओवतो. तू निवृत्त झाल्याचे तुझ्या मुलाकडून कळले. तू स्वतः कळवले नाहीस, त्याबद्दल हे पत्र नाही.

गेले आठ दिवस माझा संताप शमत नाही. तुझी वहिनी म्हणते, "दुकानातलं दुकानात ठेवा." म्हणून तुला लिहीत आहे.

आपल्या बाइंडिंगच्या दुकानात ते लहानसे त्रैमासिक अजूनही शिवायला येते. जुने संपादक वारले. आता त्यांचा मुलगा ते चालवतो. नव्या मुलामुलींच्या कविता व चित्रे छापतो, आणि मनापासून छापतो, हे मी नाकारत नाही. या अंकात पृष्ठ एकवीसवर एका मुलीची कविता आहे. ती एका खाजगी रुग्णालयाच्या धुलाईघरात काम करते. कोणत्या खोलीत काय घडले ते चादरींवरून आम्हाला डॉक्टरांच्या आधी कळते, पण आम्हाला कोणी विचारत नाही, एवढेच तिने लिहिले आहे. छापून आलेली तिची ही पहिलीच कविता.

गेल्या सोमवारी छापलेले कागद दुकानात येऊन पडले आणि पाठोपाठ संपादक आला.

"काका, एकवीस-बावीसचं पान तेवढं कापून टाका. प्रकाशन रुग्णालयाच्या मालकांच्या हस्ते आहे. त्यांना ही कविता आवडायची नाही."

"त्यांनी वाचली का?"

"वाचायच्या आधीच काढायची ना."

मी त्याला एका अंकाचे कागद घडी घालून दाखवले. मध्ये शिवण असलेल्या अंकात कोणतेही पान एकटे नसते. एकवीस-बावीसचे पान आणि अकरा-बाराचे पान हा एकच कागद, मध्ये घडी. एक कापले की दुसरे सुटते. अकराव्या पृष्ठावर पाट्या रंगवणाऱ्या एका तरुणाने काढलेले आपल्या आईचे चित्र आहे. त्याचेही पहिलेच.

"मग ते खळीनं चिकटवा. तुमचा हात असा, की कुणाला पत्ता लागायचा नाही. बाबा नेहमी सांगायचे."

"काय सांगायचे?"

"की काकांनी एकदा दोनशे अंकांतून पान काढलं, आणि वाचकांचं सोडा, लिहिणाऱ्यालाही कळलं नाही."

हे तो कौतुकाने म्हणाला. मी त्याला दुकानाबाहेर जाण्यास सांगितले. "काका, तुम्हाला राग कशाचा आला?" असे विचारत तो पायरीवर उभा राहिला. मी दार लोटून घेतले.

नंतर मी सर्व अंक शिवले. पानासह. शनिवारी तो न्यायला आला, तेव्हा कापायला वेळ उरला नव्हता. "तुम्ही माझं वाटोळं केलंत," असे म्हणाला आणि गठ्ठे उचलून गेला. रविवारी प्रकाशन झाले. रुग्णालयाचे मालक साहित्यावर पाऊण तास बोलले. हातातला अंक त्यांनी शेवटपर्यंत उघडला नाही. एवढ्यासाठी त्या मुलीचे पान कापायचे होते.

काल ती दुकानात आली. धुण्याच्या पाण्याने तिच्या बोटांची कातडी पांढरी पडली आहे. मी अंक दिला. तिने अनुक्रमणिका पाहिली नाही, थेट आपले पान काढले आणि उभ्यानेच वाचले. मग म्हणाली, "आजोबा, एखादी जास्तीची प्रत मिळेल? माझ्या भावाला द्यायची आहे."

मला तिच्याकडे पाहवेना.

धाकट्या, तो दोनशे प्रतींचा अंक कोणता, हे तू आतापर्यंत ओळखले असशील. तू तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतास. तुझी कविता छापली गेली होती. छापखान्याच्या मालकांना ती खटकली, एवढेच मला सांगण्यात आले, व ती काढली गेली. "काढली गेली" असे लिहिणे बरोबर नाही. ती मी कापली. पट्टी धरून, एकामागून एक. सुटलेली पाने खळीने अशी बसवली, की एकही कड वर आली नाही. त्या दिवशी मला माझ्या कामाचा अभिमानही वाटला होता.

तू इस्त्रीचा सदरा घालून आला होतास. अंक दोनदा चाळलास आणि म्हणालास, "दादा, माझी कविता कुठंय?" मी म्हणालो, "छापली नसेल. जमली नसेल नीट." अंक गठ्ठ्यावर कडेला कड जुळवून ठेवलास आणि गेलास. त्यानंतर तू कधी काही लिहिल्याचे मी ऐकले नाही. लग्नकार्याखेरीज माझ्या घरीही आला नाहीस.

तू शिकावेस म्हणून मी चौथीत शाळा सोडली, हे मी तुला गरजेपेक्षा जास्त वेळा ऐकवले आहे. कविता जमली की नाही, हे ठरवण्याइतके माझे शिक्षण नव्हते. त्या दिवशी मात्र ते मी ठरवले, आणि तेही न वाचता. पान कापताना मी मुद्दाम वाचले नाही. वाचले असते तर हात थांबला असता, हे मला ठाऊक होते.

कापलेली पाने मी ठेवली नाहीत. कागद चांगला होता; शाळांच्या हजेरीपटांच्या पाठीला आतून अस्तर म्हणून लावला. ते पट केव्हाच रद्दीत गेले असतील. त्यामुळे तुझी कविता माझ्याकडे नाही, आणि ती कशावर होती हेही मला माहीत नाही.

क्षमा मागण्याचा मजकूर मी तीन वेळा लिहून खोडला. वाक्य शुद्ध होते, पण पुरेसे नव्हते.

तुला ती कविता आठवत असल्यास लिहून पाठव. चार ओळी आठवत असल्या, तर चारच पाठव. या वेळी मी वाचीन. आठवत नसल्यास किंवा पाठवावीशी वाटत नसल्यास रिकामे पाकीट पाठवले तरी मला समजेल.

तुझा,
दादा
(हा शब्द तुला अजून मान्य असल्यास)