आमच्या गोठ्यातला कोतवाल कसा खातो

प्रिय गोगलगाय,

खूंऽ… खूं-खूं! ओळखलास का आवाज? हेडमास्तरांचा खोकला! म्हणजे त्यांचा नव्हे, तुझा. मधल्या सुट्टीत भिंतीआडून तू हुबेहूब तसा खोकायचास, आम्ही हातातले पेरू टाकून वर्गाकडे धूम ठोकायचो आणि तू ते सावकाश खायचास. (तेवढ्यापुरती मात्र तुझी पावलं झपाझप पडत.) तुझ्या गुडघ्यांना सप्रेम नमस्कार, वहिनींना सविनय. नवी कवळी बसली का? माझी अजून बोलताना टाळ्या वाजवते.

पत्रास कारण, तुझा हा मित्र या वयात संशोधक झाला आहे. हसू नकोस. रोज सकाळी गोठ्याच्या दाराशी खुर्ची टाकून मी शाळेतल्या पाठ कविता घोळवत बसतो (म्हैस रवंथ करते, मीही). तिच्या पायांशी साळुंक्या किडे टिपत असतात आणि पाठीवर दुभंगल्या शेपटीचा काळा कोतवाल पक्षी बसलेला असतो. कोतवालानं तिथून उडते किडे पकडावेत, ही जगाची रीत. पण आमचा हा स्वतः काही पकडतच नाही! एखाद्या साळुंकीला गुबगुबीत अळी सापडली, की हा पठ्ठ्या थेट शिकारी शिक्र्याचा आवाज काढतो. साळुंकी घाबरून चोचीतलं टाकते नि पळते, आणि हा खाली उतरून ते आरामात खातो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तूच आठवलास आणि डोळे भरून आले.

जन्मभर मी टपाल कचेरीत दुसऱ्यांची पत्रं लावली. माझं म्हणून जगाला सांगावं असं हे पहिलंच. सूनबाईला सांगितलं, तर म्हणाली, "मामंजी, चहा गार होतोय." मग मी पेटलो. फाटकावर फळा टांगला आणि वळणदार अक्षरात स्वतः रचून लिहिलं:

भय दावुनि जो परक्या मुखिचा घास लुबाडुनि खातो,
या हो, पाहा, कोतवाल हा रोज सकाळी येतो!

अरे, काय लोटले लोक! अर्धा बाजार फाटकाशी. पक्ष्याकडे मान वर करून कुणी बघेना, ही एक गंमत. सगळे माझ्याकडेच कौतुकानं बघत होते. भाजीवालीनं माझे हात हातात घेतले. "आबा, तुमची छाती मोठी! आम्ही इतकी वर्षं मुकाट्यानं देतोय." (मला वाटलं, साळुंक्यांना दाणे.) न्हाव्यानं फुकट दाढी केली. दूधवाला हळूच म्हणाला, "पण आबा, आमच्याकडे तो आवाज नाही काढत, नुसते डोळे वटारतो." मी म्हटलं, पोटजात वेगळी असेल.

शेवटी सूनबाईनं कपाळाला हात लावला. "अहो मामंजी, बाजारात दंडुका घेऊन फिरतो त्या कोतवालाबद्दल लिहिलंय असं समजतायत सगळे! आपलं पेंडीचं दुकान त्याच्याच हद्दीत. उद्या त्यानं टाळं ठोकलं तर आपण काय खायचं? आधी तो फळा पुसा!" खाणे या क्रियापदाचा हा अर्थ आपल्याला व्याकरणाच्या तासाला कुणी शिकवला होता का? तूच सांग. आणि पुसून लिहू काय? 'कोतवाल'च्या जागी 'काळा पक्षी' घातलं की दोन मात्रा वाढतात. नाही, मी पुसणार नाही. जे पाहिलं ते पाहिलं. खुद्द कोतवाल समोर उभा राहिला तरी छाती पुढे काढून सांगेन.

तुझा, मान ताठ असलेला मित्र,
टपाल्या

ता. क. तुमची मागची खोली रिकामी आहे ना? चार-आठ दिवस हवापालटाला यावं म्हणतो. शक्यतो उद्याच्याच गाडीनं. बोलावणं तुझ्याकडून आलं असं सूनबाईला कळव.

आणखी ता. क. दार वाजलं म्हणून उठलो, तर कोतवाल! पक्षी नव्हे, बाजारातला. दंडुका नाही, टोपी हातात, घाम कपाळावर. मी छाती पुढे काढली (खुर्ची धरून). त्यानं मागे वळून पाहिलं, दार लोटून घेतलं आणि माझ्या कानाशी वाकून विचारलं, "आबा, मला खाताना तुम्ही एकट्यानंच बघितलंत, की आणखी कुणी?"