गच्चीच्या दाराची कडी

६ जुलै
आले एकदाची सासरी, समुद्राकाठच्या महदियाला! चौतिसाव्या वर्षी नवरी व्हायचं म्हणजे कैरुआनमधल्या आमच्या गल्लीला महिनाभर पुरेल एवढी करमणूक. "मबरूकाला आता नवरा फोटोतच" असं म्हणणाऱ्या बायकांनीच लग्नात सर्वांत जास्त मिठाई हाणली. नौफेल बिजवर आहे, मासेमारी करतो, बोलतो कमी. घरात कानांनी अधू सासूबाई आणि त्याची सहा वर्षांची लेक दोरसाफ. तिनं मला न्याहाळून विचारलं, मावशी, तू किती दिवस राहणार? मी म्हटलं, तू हाकलेपर्यंत. हसली पोरगी. समोरचे दोन दात पडलेत तिचे.

१० जुलै
एक गंमतच आहे. या घरात एकाही दाराला आतून कडी नाही. न्हाणी, माडी, गच्ची, सगळीकडे नुसती स्क्रूची भोकं आणि त्यांवर फासलेला निळा रंग. न्हाणीत मी मोठ्यानं गाणं म्हणत बसते, म्हणजे कोणी आत यायला नको. नौफेलला विचारलं तर म्हणाला, गंजल्या होत्या, काढून टाकल्या. असेल. समुद्राकाठी लोखंड टिकत नाही म्हणतात. पण मी पडले शिंपीण, भोक दिसलं की टाका घालावासा वाटतो.

१९ जुलै
गच्चीवर मिरच्या वाळत घातल्यात. दुपारी सगळं गाव झोपलं की दोरसाफ गुपचूप वर जाते. आज ती कठड्यावरून वाकलेली दिसली आणि मी धावत जाऊन तिला मागे ओढलं. कठडा जेमतेम तिच्या कमरेएवढा. संध्याकाळी तडक जिलानीकाकांच्या दुकानात गेले आणि वीतभर लांबीची सरकती कडी मागितली. आधी काकांनी थट्टा केली, "नौफेलनं शिंपीण आणली की सुतारीण?" मग कडी हातातच धरून ठेवली. त्यानंच सांगितलंय का आणायला, असं हळूच विचारलं. मी म्हटलं, घर आता माझंही आहे.

कडी मीच बसवली, जिन्याच्या बाजूनं, हात पुरा ताणला तर पोचेल इतकी उंच. पोरीचा हात तिथे जात नाही, कमरेत वाकलेल्या सासूबाईंचाही नाही. ऑलिव्हचं तेल घातलंय, एका बोटानं सरकते.

२२ जुलै
दुपारी गच्चीच्या दारावर टकटक. अगदी हलकी, बोटाच्या पेरानं. वाऱ्याचं तर नाव नव्हतं. कडी काढून पाहिलं, मिरच्या आणि ऊन, दुसरं काही नाही. गच्चीवर यायला दुसरी वाटही नाही. दाराच्या बाहेरच्या अंगाला, अगदी खाली, तळहाताएवढ्या जागेतला रंग उडालाय. हे आजच लक्षात आलं.

२५ जुलै
नौफेलनं कडी पाहिली. मला वाटलं आता ओरडेल. तो जिन्यावर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

दोन वर्षांपूर्वी, ऑगस्टात, त्याची पहिली बायको सलूहा दुपारी वाळत्या मिरच्या खालीवर करायला गच्चीवर गेली. सातवा महिना होता तिला. चार वर्षांच्या दोरसाफनं खेळता खेळता मागून कडी सरकवली, तेव्हाची कडी खालीच होती, आणि आजीजवळ जाऊन झोपली. इथल्या सुना दुपारी गच्चीवरून हाक मारत नाहीत, गल्ली निजलेली असते. सलूहानं भर उन्हात नुसतं दार वाजवलं, पेरानं. आजीला ऐकू आलं नाही. संध्याकाळी दार उघडलं तेव्हा—

पोरीला कडीचं काही आठवत नाही, आठवूही नये, म्हणाला. तिला कधी कळू द्यायचं नाही, अशी मला शपथ घातली. कडी आत्ताच उपटतो म्हणत होता, मीच अडवलं. कठडा उंच होईपर्यंत तरी राहू दे म्हटलं. बोटीवरून परतला की गवंडी बोलावणार आहे. चार दिवसांनी येईल.

२६ जुलै
सकाळी झोपेतच दोरसाफनं माझ्या गळ्यात हात टाकले आणि मला "उम्मी" म्हणाली, आई. पहिल्यांदा.

दुपारी टकटक. ती जिन्यावर येऊन म्हणाली, वर उम्मी आहे, उघड ना. मी म्हटलं, वारा आहे बाळ, तू झोप. आणि कडी घट्ट धरून उभी राहिले. लिहिताना लाज वाटते. चौतीस वर्षांनी हा शब्द मिळालाय मला. दाराबाहेरच्या बाईला तो द्यायचा नव्हता.

२७ जुलै
पुन्हा. मी आतून म्हटलं, जा बाई, आता ती माझी आहे. टकटक थांबली. दाराला अंग टेकून कोणीतरी खाली बसलं. मग रडणं, दबकं, कोणाची झोप मोडू नये असं. मीही रडले. उघडलं मात्र नाही.

२८ जुलै, दुपार
मिरच्या गोळा करायला वर आले. दोनच मिनिटं. मागे कडी सरकली. सावकाश.

कोणाचा हात पोचत नाही तिथे. नौफेल उद्या येणार.

वही खिशात होती म्हणून— तास झाला असेल. सावली कुठेच नाही.

हाक मारली नाही. ओरडले तर पोर धावत येईल. मी बाहेर, दार बंद— तिला आठवेल. त्या दिवशीचं सगळं— नको.

उभं राहवत नाही. बसून वाजवतेय, पेरानं. बसलं की हात तिथेच पोचतो, रंग उडालाय तिथे.

आत दोरसाफ हसतेय. कोणाशी तरी बोलतेय—

सलूहा, मी चुकले. तुझीच आहे ती. कडी काढ—

पोर दाराशी आली. विचारतेय, बाहेर कोण आहे.

आणि कोणीतरी तिला सांगतंय— वारा आहे बाळ, तू झोप.

ती म्हणाली, बरं, उम्मी. पावलं खाली चालली—

दोरसाफ, मी