ओट्यावरचा दिवा आणि नाताळचं झाड

आई, तुझं नाताळचं झाड, ते नाताळात फुलणारं बिनकाट्याचं निवडुंग, अजून माझ्याकडे आहे. बोईसरच्या खोलीत, पूर्वेच्या खिडकीत. बुंधा कुजायला लागलाय, बोटाने दाबलं की मऊ लागतो. वरच्या कांड्या हिरव्या दिसतात, पण त्या साठवलेल्या पाण्यावर जगत असाव्यात. मी पाणी बंद केलं, काळी मुळं छाटली, माती बदलून त्यात नारळाची सोडणं आणि वाळू घातली. कलमंही लावून पाहिली, धरली नाहीत. जे करायचं असतं ते सगळं झालं.

तुला ते कॉलनीतल्या मॅडमनी दिलं होतं. तू नवापूरहून टोपली घेऊन तारापूरच्या कॉलनीत मासे विकायला जायचीस. एका डिसेंबरात त्यांच्या खिडकीतली गुलाबी फुलं बघत तू दारातच थांबलीस, आणि त्यांनी दोन-तीन कांड्या पिरगळून तुझ्या हातावर ठेवल्या. घरी आल्यावर तू त्या ओट्यावरच्या डब्यात खोचल्यास आणि मिरचीला घालायचीस तसं कोळंबी धुतलेलं पाणी त्यांनाही घातलंस. कडा लाल पडल्या.

"खारं नको घालूस," मी म्हणाले.

"मग काय शरबत घालू?"

पण दुसऱ्या दिवसापासून तू विहिरीचं पाणी घालू लागलीस. झाड डब्याबाहेर लोंबायला लागलं. फूल मात्र येईना. नाताळ आला की मॅडम विचारायच्या, "मावशी, फुललं का?" तू म्हणायचीस, "नाय फुललं. आमच्याकडं तुमच्या देवाला म्हावऱ्याचा वास येतो." त्या हसायच्या आणि तू वर एक बोंबील जास्तीचा टाकायचीस.

बोट समुद्रात असेपर्यंत ओट्यावरचा दिवा रात्री बंद करायचा नाही, ही आपल्या आळीची रीत. झाड घरात आलं तोवर बाबांची बोट जाऊन बराच काळ लोटला होता. शोधायला गेलेल्या बोटी रिकाम्या परतल्या होत्या. त्याच बोटीवर गेलेल्यांच्या घरांनी एकेक करून दिवे बंद केले. तू केला नाहीस. शेजारची काकी एकदा म्हणाली, "आता इझव गो. कोनासाठी जाळतेस?" तू सुपातला सुका जवळा निवडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "आमी इझवला आनि ते आले तं?"

तू गेलीस आणि ओटा अंधारात गेला. मी तेव्हा पालघरला डिप्लोमा करत होते. डिसेंबरात घरी आले तर झाड फुलांनी लगडलेलं. काकी डोळे पुसत म्हणाली, "बघ, आयेनं धाडलीत."

ते का फुललं, हे मला नंतर वाचून कळलं. पावसाळा संपल्यावर या झाडाला बरेच आठवडे सलग, लांब रात्र लागते, तेव्हा कांड्यांच्या टोकांना कळ्या धरतात. मध्ये दिवा लागला की झाड ती रात्र धरत नाही. थंडीनेही मदत होते, पण आपल्या किनाऱ्यावर थंडी ती केवढी. मॅडमच्या त्या खोलीत संध्याकाळनंतर कोणी बसत नसावं. एवढंच. तू लावलेल्या दिव्याखाली ते कधीच फुललं नसतं.

मी कारखान्यात दाबाची, तापमानाची मापकं तपासते. कारण सापडलं की त्याप्रमाणे करायचं, ही सवय आहे. इथे रस्त्यावरचा दिवा रात्रभर खिडकीत येतो, म्हणून दरवर्षी दसऱ्यापासून मी संध्याकाळी झाडावर पुठ्ठ्याचा खोका पालथा घालायचे आणि सकाळी काढायचे. कळ्या दिसल्या की कुंडी हलवायची नाही, नाहीतर गळतात. झाड दरवर्षी फुललं. कामावरच्या बायका फोटो मागायच्या आणि मी पाठवायचे. फुलं बघताना मला मात्र दरवर्षी तेच दिसायचं, की आपल्या घरात आता कोणी कोणाची वाट बघत नाही.

यंदाचा हंगाम याचा शेवटचा. मरायला टेकलेलं झाड कधीकधी भरभरून फुलतं. अंधार दिला असता तर हेही फुललं असतं कदाचित. बाबा येणार नाहीत हे मला माहीत आहे. तुलाही माहीत असावं.

हे मी पाठवणार तरी कुठे. पण खोका यंदा कपाटावरून काढलाच नाही, एवढं तुला सांगायचं होतं. दसऱ्यापासून रोज अंधार पडला की मी झाडाच्या वरचा दिवा लावते आणि उजाडेपर्यंत चालू ठेवते. आज सकाळी सगळी टोकं तपासली. एकही कळी नाही.