मागच्या शेतातला भुईकोट

शनिवार, २४ ऑक्टोबर २०२०
परत लॉकडाऊन, आता लेव्हल फाइव्ह. परत घरापासून पाच किलोमीटरच. बाबांचं विमान परत रद्द. आईला साताऱ्याला सोडून फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आलेला माणूस, आता दिवाळीसुद्धा आयर्लंडात, आमच्या नावनमध्येच.
टाराची टेकडी राहिली ती राहिलीच. उन्हाळ्यात मोकळीक होती तेव्हा माझं सॉफ्टवेअरचं रिलीज आणि निखिलच्या हॉस्पिटलच्या ड्यूट्या. ट्रिमचा किल्ला तेवढा बघून झाला. बाबा आज जेवताना म्हणाले, "इथल्या राजांची गादी दहा-बारा किलोमीटरवर. मला वेशीवर आणून बसवलंस आणि आत सोडत नाहीस." जसं काही लॉकडाऊन मीच लावलाय.
सुपरमार्केटला रांगेत उभं राहायला चालतं. उघड्या टेकडीवर एकट्या म्हाताऱ्या माणसाने जायला चालत नाही. कुणी केले हे नियम?

रविवार, १ नोव्हेंबर
बाबा सकाळी फिरून आले ते गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन. "अगं, आपल्या घरामागे भुईकोट आहे!"
ईराला आणि मला ओढतच नेलं. आमच्या कॉलनीची शेवटची भिंत संपते तिथे फाटक, पुढे जॉन जोचं शेत, खाली बॉइन नदीपर्यंत उतरत गेलेलं. मी याच फाटकावरच्या डब्यातून त्याच्या कोंबड्यांची अंडी घेते, पैसे डब्यात टाकते, तीन वर्षं. कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. शेताच्या मध्यावर गोल बांध, पुरुषभर उंच. बाहेरून खंदक, बुजत आलेला. वर काटेरी झुडपं, लाल फळांनी लगडलेली. आत सपाट गवत आणि दोन गाई.
बाबा तटावरून गोल फिरले. दरवाजा पूर्वेला, हे बघ, नदीवर नजर, हे बघ, जोत्याचे दगड. साताऱ्याच्या बँकेत असतानाही रविवार आला की माणूस गडावर. आठ महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर रंग दिसला.
ईरा म्हणाली, "आजोबा, इट्स अ फेअरी फोर्ट. पऱ्यांचा. वी डिड देम इन स्कूल."
"फोर्ट म्हणाली ना? मग झालं."

रविवार, ८ नोव्हेंबर
दिवाळीचा किल्ला. ईराला पहिल्यांदा खरा करून दाखवायचाय म्हणे, यूट्यूबवर बघायचा नाही.
मागच्या अंगणात गवताखाली बिल्डरने गाडलेला राडारोडा, कुदळ आपटली की ठणठण. सुपरमार्केटातून कंपोस्टची पोती आणली. त्याचा डोंगर उभा राहीना, नुसता भुसभुशीत. मग बाबांचा जुना नेम. लहानपणी आमच्या किल्ल्याच्या बालेकिल्ल्याला ते नेहमी खऱ्या गडाची माती आणायचे, अजिंक्यताऱ्याची. त्याशिवाय किल्ला म्हणजे नुसता ढिगारा, असं त्यांचं म्हणणं.
मी कॉलवर होते. खाली आले तर बाबा आणि ईरा दारात, हातात रंगाच्या दोन जुन्या बादल्या मातीने भरलेल्या. गाईंनी तुडवून खंदकाची कड ढासळली होती, तिथली पडलेली माती. काळीभोर, घट्ट. मी हसले. छान केलंत म्हणाले.

बुधवार, ११ नोव्हेंबर
तटबंदी झाली. मोहरी पेरली, उगवली पण. मावळे नाहीत, म्हणून ईराचे लेगोचे पोलीस पहाऱ्यावर.
समोरची मोरीन घरी भाजलेला केक घेऊन आली. नेहमीसारखी फाटकाबाहेर उभी, मास्क लावून. किल्ला पाहून खूश. "इट्स ओन्ली गॉर्जस!" मग बाबांनी मोठ्या कौतुकाने, मोडक्या इंग्रजीत, माती कुठली ते सांगितलं.
मोरीनचा चेहराच उतरला. हलक्या आवाजात मला म्हणाली, "तिथलं काही आणू नये गं. आम्ही तिथली काडीसुद्धा मोडत नाही. माझ्या मामाने एकदा एक झुडूप तोडलं होतं..." पुढे काय झालं ते सांगेना. केक मात्र देऊन गेली.
मी निखिलला सांगून हसले. बाबा हसले नाहीत. "म्हणजे देवराई आहे ती. देवराईतली काडी आपण तरी उचलतो का? मला कळायला हवं होतं."

गुरुवार, १२ नोव्हेंबर. वसुबारस
तळपायाची आग मस्तकात गेलीये, अजून उतरली नाही. लिहून काढते.
चार वाजता जॉन जो दारात. अंड्यांचे पैसे नेताना टोपीला हात लावणारा जॉन जो. आज टोपी नाही, मास्क नाही, नमस्कार नाही. "माझ्या शेतात कुणी खणलं?"
मी समजावून सांगितलं. खणलं नाही, पडलेली माती उचलली, आमचा सण आहे, माफ करा. तो ऐकायलाच तयार नाही. ते राष्ट्रीय स्मारक आहे. तिथे फावडं लावणं गुन्हा आहे. गार्डांना, म्हणजे पोलिसांना, बोलावू शकतो. आणि मग, "तुम्ही लोक इथे यायच्या आधी हजार वर्षं ते तिथे उभं आहे."
तुम्ही लोक!
याच "लोकां"तला एक डॉक्टर मार्चपासून इथल्या हॉस्पिटलात याच्याच नातेवाइकांच्या नाकात काड्या घालतोय. तोंडावर म्हणायला हवं होतं. आता सुचतंय सगळं.
बाबा मागून आले. हात जोडले. सगळी माती परत नेऊन ठेवतो म्हणाले, मी भाषांतर करून सांगितलं. तर म्हणे, "माझ्या जमिनीवर पाऊलसुद्धा टाकायचं नाही."
अरे, मग परत ठेवायची कशी? हवेतून?
त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाने नातीसमोर हात जोडले आणि तो पाठ फिरवून गेला.

शनिवार, १४ नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन
किल्ला उभा आहे. बाबांनी त्यावर पणती लावू दिली नाही. चकल्या बिघडल्या.
नि. रात्रपाळीला. जाताना म्हणाला, "सोड ना, वाद नको वाढवूस. सिटिझनशिपचा अर्ज आत आहे आपला. त्यात गार्डांची चौकशी असते." बरोबर आहे त्याचं. बरोबर आहे याचाच राग येतो.
बाबा उलट त्या जॉन जोचीच बाजू घेतात. "त्याचा कोट आहे, तो जपतोय. आपल्याकडे गडावर नावं कोरतात तेव्हा तू काय करतेस? असा एक जरी भांडणारा असता तर?"
मी म्हणाले, बोलण्याची काही रीत असते. ते म्हणाले, "रीत नसली तरी चालेल. जपणूक असली की झालं."

शुक्रवार, २७ नोव्हेंबर
कुंडीतल्या तुळशीचं लग्न काल उरकलं. आज किल्ला मोडला. कंपोस्ट वाफ्यात. वरची काळी माती बाबांनी हाताने वेगळी केली, मोहरीची मुळं एकेक काढून. परत त्याच दोन बादल्यांत, वर झाकण. शेडमध्ये, लॉनमोवरशेजारी.
बाबा अजून अंडी तिथूनच आणतात. मी सुपरमार्केटातली खाते.

शनिवार, २३ जानेवारी २०२१
बाबा गेले. दोहामार्गे. विमानतळाच्या आत सोडलं नाही, दारातच निरोप. ईरा गाडीत घरापर्यंत रडत होती, मी घरी आल्यावर.
गाडीतून उतरताना ना टारा काढली, ना न्यूग्रेंजचं प्राचीन थडगं, एवढंच म्हणाले, "माती तेवढी परत ठेव. त्याला विचारून ठेव. चोरासारखी टाकू नकोस."

रविवार, १४ फेब्रुवारी
गेले विचारायला. मोठा अपमान गिळून. जॉन जो फाटकाशीच भेटला, आज एकदम गोड. "आह, नेव्हर माइंड. ठेवा तुमच्याकडेच, कुंड्यांना वापरा. यू'र ग्रँड."
कुंड्यांना! नोव्हेंबरात गुन्हा होता, फेब्रुवारीत कुंड्यांना.
परत येताना पाहिलं, शेतात लाकडी खुंट्या ठोकल्यात, नारिंगी फिती बांधून. एक खुंटी तटाच्या अगदी माथ्यावर.
बाबांचा फोन. "ठेवलीस का?" म्हटलं, नको म्हणाला. "मग परत विचार," म्हणाले. "एवढंसं काम होत नाही तुझ्याकडून?"
खुंट्यांचं मी बोलले नाही.

शुक्रवार, २६ फेब्रुवारी
सकाळी आठपासून मागे घरघर. मला वाटलं रस्त्याचं काम. सकाळची स्टँड-अप मीटिंग झाल्यावर ईराच्या खोलीतून डोकावले.
पिवळा डिगर, आपल्याकडचा जेसीबी. झुडपं आधीच उपटून पेटवून दिलेली. अर्धा तट नाही. मी स्लिपरमध्येच धावले. फाटकाला नवीन कुलूप. ओरडले, इंग्रजीत, मग मराठीत. डिगरवाल्याने कानावरचे हेडफोनसुद्धा काढले नाहीत.
दुपारी तीनपर्यंत सगळं सपाट. तट खंदकात ढकलला, वर डिगर फिरवला. नदी सरळ दिसते आता, मध्ये काही नाही.
ईरा ऑनलाइन शाळेत होती. खिडकीकडे तिची पाठ होती ते बरं.
हजार वर्षं. सात तास लागले.

शनिवार, २७ फेब्रुवारी
मोरीन भिंतीपलीकडून बोलली. डोळे सुजलेले. घरं होणार तिथे, बिल्डरला द्यायचंय. डिगरवाला दूरच्या काउंटीतून आणला, कारण इथला एकही माणूस त्या कोटावर डिगर घालायला तयार झाला नसता. आणि घाई का, तर १ मार्चपासून पक्ष्यांची घरटी सुरू होतात, मग झुडपं तोडायला बंदी. पक्ष्यांचा कायदा पाळला हो त्याने! काय सोवळा माणूस!
आमच्या दोन बादल्यांसाठी गार्डांना बोलावणार होता. म्हणजे त्याला माहीत होतं. स्मारक आहे, गुन्हा आहे, सगळं पाठ होतं. मला शिकवलं त्याने, माझ्याच दारात उभं राहून. बाबांना वाटलं जपतोय. जपत होता, हो. विकायला जपत होता.
मी विचारलं, "मग तुम्ही कुणी बोलत का नाही?"
मोरीन म्हणाली, "वी हॅव टु लिव्ह हिअर, लव्ह."
आणि मी? मी कुठे राहते?

सोमवार, १ मार्च
नि.शी भांडण. मोठं.
मी म्हणाले, काउंटी कौन्सिलला फोन करते. तो म्हणाला कर, पण नाव देऊ नकोस. बिननावाच्या तक्रारीला कुत्रं विचारत नाही, हे मी. नाव दिलं तर जॉन जो पहिलं काय सांगेल, हे तो. "हिच्याच वडिलांनी खणलं तिथे." आणि अर्ज आत. आठ वर्षं काढलीत इथे. लेटरकेनीतल्या त्या एका खोलीपासून.
"एका मातीच्या ढिगाऱ्यासाठी?" तो म्हणाला.
मी वर येऊन रडले. त्याच्यावरचा राग नव्हता तो. पण त्यालाच ऐकावं लागलं सगळं.
बाबांना अजून सांगितलेलं नाही. आज त्यांनी विचारलं नाही, मीच फोन लवकर ठेवला.

शुक्रवार, ५ मार्च
केला फोन. कौन्सिलला. नाव दिलं. नि. समोर बसला होता, चहाचा कप तसाच. अडवलं नाही त्याने.

सोमवार, ८ मार्च
फाटकाशी जॉन जो आणि सूटमधला कुणीतरी, नकाशे घेऊन. मी मुद्दाम गेले. जॉन जो माझ्यादेखत त्याला सांगतो, तिथे कधी काही नव्हतंच. नुसती झुडपं, जनावरं अडकायची त्यात.
त्याने माझ्याकडे पाहिलं. टोपीला हात लावला.
आत्ता कळलं, तो कुंड्यांना वापर का म्हणाला ते. माती परत घेणं म्हणजे तिथे कोट होता हे कबूल करणं.

मंगळवार, ९ मार्च
रात्री धीर करून बाबांना सांगितलं. तर म्हणाले, "त्याने हाकललं तेव्हा मला बरं वाटलं होतं गं." आणि फोन आईकडे दिला.

बुधवार, १० मार्च
अकराच्या सुमारास कौन्सिलच्या बाईंचा फोन. पुरातत्त्वाचं काम बघतात. आवाज तरुण, थकलेला. जुन्या नकाशावर त्या शेतात एक गोल दाखवलाय म्हणाल्या, पण मालक म्हणतो तो केव्हाच बुजलेला, त्याच्या आजोबांच्या काळात. मी म्हटलं, आम्ही त्याच्यावरून चाललोय. फोटो? बाबांनी माणसांचे काढले, नेहमीसारखे. ईरा आणि दोन गाई.
पुढच्या आठवड्यात येऊन बघते म्हणाल्या. पण सगळं ढवळून निघालंय. "त्या बांधाची, खंदकाची, न हललेली अशी काही माती कुठे उरली असेल का? थोडीशीसुद्धा चालेल. आत कोळसा, हाडाचा तुकडा, काहीही मिळू शकतं."
नि. रात्रपाळी करून आला होता, जिन्यावर उभा. फोन स्पीकरवर. त्याने सगळं ऐकलं. मी त्याच्याकडे पाहिलं. न हललेली तर नाहीच. बाबांच्या हाताने निवडलेली, मोहरी उगवलेली. आणि ती कशी आली ते सांगावं लागणार, कुणी आणली तेही.
बाई म्हणाल्या, "हॅलो? आहात ना?"
नि. खाली आला. माझ्याशेजारून पुढे गेला, मागचं दार उघडलं, शेडकडे गेला.
मी म्हटलं, "आहे. दोन बादल्या."