गेटवरचा समाचार

२० एप्रिल
ओजस आज पहाटे गेला. आठ वर्षांचा. ब्लड कॅन्सर. दोन वर्षं झगडला पोरगा. कोरोना नव्हता, तपासणी निगेटिव्ह, तरी स्मशानात बाप एकटाच.

मी समुपदेशक आहे त्या संस्थेच्या मॅडमचा मेसेज: आजारी मुलांच्या घरी जाणं बंदच, समुपदेशन फक्त फोनवर. सोबत काय बोलायचं त्याची वाक्यंही. "तुमच्या भावना मी समजू शकते." समजतंय माझं कपाळ!

संध्याकाळी सुवर्णाला, म्हणजे ओजसच्या आईला, फोन लावला. मागे कुकरची शिट्टी झाली. मी विचारलं, "कोण आलंय स्वयंपाकाला?"

"मीच लावलाय, ताई. चिऊला भूक लागली." चिऊ धाकटी, चार वर्षांची. "कोणी आलंच नाही हो."

मुलाला अग्नी दिला त्याच दिवशी आईने गॅस पेटवायचा! आमच्या गावात, उमेळ्यात, ज्याच्याशी बांधावरून भांडण, त्याच्या घरी मयत झालं तरी पिठलं-भात पोचतो. आणि तिथे एका मजल्यावर चार दारं. एक उघडू नये?

मी फोनवर एवढंच म्हटलं, "उद्या चूल पेटवू नकोस."

२१ एप्रिल
पिठलं-भात केला. हे म्हणाले, "चार दिवस थांब की." म्हटलं, चार दिवसांनी काय बारशाला जायचंय? यांना शुगर आहे. भीती मलाही वाटते, दगड नाही मी. दोन मास्क लावले, स्कूटर काढली.

नाक्यावर पोलीस. "कुठे?" मयताच्या घरी, म्हटलं. डब्याकडे बघून सोडलं. पोलिसाला कळतं!

नायगावला सुवर्णाच्या टॉवरला मात्र संस्थेचं ओळखपत्र दाखवूनही गेटातच अडवलं. सेक्रेटरी राणे खाली आले, चांगले लांब उभे राहिले.
"ताई, तुमच्या भल्यासाठीच सांगतोय. नक्की काय होतं कोणाला माहीत?"
"कॅन्सर होता. दोन वर्षं तुमच्याच लिफ्टने खाली-वर केलं त्याने. तुम्हाला लागला का?"
"रूल इज रूल."

बरं. रूल गेटाच्या आतला. मी बाहेर रस्त्यावर बसले, वॉचमनच्या जुन्या खुर्चीवर. सुवर्णाला फोन केला, खाली ये. आली. केस तसेच, पायात दोन वेगवेगळ्या चपला. गजांतून डबा दिला. आतल्या कट्ट्यावर बसली आणि तिथेच झाकण उघडून हाताने खायला लागली. वरच्या बाल्कन्यांमधून लोक बघत होते. बघू देत.

२२ एप्रिल
सकाळी सुवर्णाचा मेसेज: "पिठल्यात मीठ कमी होतं ताई." हसले. मग पदर तोंडात कोंबून रडले.

तिने सोसायटीच्या ग्रुपवरच्या मेसेजचे फोटोही पाठवलेत. दोन दिवसांत "भावपूर्ण श्रद्धांजली"ची रांग. त्याच मजल्यावरच्या शिर्के वहिनींची तर मेणबत्तीसकट. खाली लगेच राण्यांचं: संबंधित कुटुंबाने तूर्त लिफ्ट वापरू नये. कोणी एक अक्षर बोललं नाही त्यावर. आणखी एकाचं: "सुटला बिचारा." सुटला? त्याला फुटबॉल खेळायचा होता, सुटायचं नव्हतं!

दुपारी मॅडमचा फोन. सोसायटीतून तक्रार गेली. "तुमच्यामुळे दुसऱ्या आजारी मुलांना धोका होईल, ताई." हे मात्र खरं बोलल्या. म्हटलं, मी दुसऱ्या कोणाच्या दारात जात नाही, बाकीचे सगळे फोनवर. पण हिच्याकडे जाणार. "मग संस्थेचं ओळखपत्र वापरू नका." नाही वापरणार. समाचाराला जायला ओळखपत्र कधीपासून लागायला लागलं?

२४ एप्रिल
पुन्हा गेट. मी बाहेर, सुवर्णा आत. आज ती बोलली. ओजस गोळ्या तुळशीच्या कुंडीत पुरायचा, तुळस मात्र फोफावली म्हणे. हसता हसता गजावर डोकं आपटायला लागली. मला हात लावता येईना. काय करू? बाई गं, नको, नको, एवढंच म्हणत राहिले. असली समुपदेशक!

थोड्या वेळाने शिर्के वहिनी खाली. जिन्याच्या तोंडाशीच थांबल्या. "मला फार भीती वाटते हो. घरी सासरे..." म्हटलं, भीती वाटते तर तिथेच उभ्या राहा. पण उभ्या राहा. राहिल्या.

सुवर्णाने त्यांच्याकडे पाहिलं नाही. का बघावं?

२६ एप्रिल
सुवर्णाचा नवरा, महेश, वालीवच्या कारखान्यात परत रुजू. मालक म्हणाला, घरी बसून काय करणार. म्हणजे दिवसभर सुवर्णा आणि चिऊ, आणि ओजसची रिकामी कॉट. सांगलीहून तिची आई निघू शकत नाही, पास मिळत नाही. फोनवर नुसता आक्रोश करते. सुवर्णाच तिला समजावते! उलटी गंगा.

शिर्के वहिनींनी दाराबाहेर डबा ठेवला होता. सुवर्णाने उचलला नाही. संध्याकाळपर्यंत तसाच. मी उचल म्हटलं नाही.

२७ एप्रिल
गेटावर नोटीस: बाहेरील व्यक्तींनी प्रवेशद्वाराजवळ बसू नये. वॉचमनने खुर्ची आत घेतली, बिचारा मान खाली घालून म्हणाला, "मेरी नोकरी है मॅडम." मी उभी राहिले. गुडघे दुखतात, दुखू देत.

सुवर्णा खाली आली. चिऊ विचारते, दादा कधी येणार. हिने सांगून टाकलं, नाही येणार. नीट केलं का मी, ताई? म्हटलं, नीट केलंस.

निघताना सवयीने तोंडातून गेलं, "येते हं."

जीभ चावली. दुखवट्याच्या घरून निघताना येते म्हणत नाहीत, नुसतं उठून चालू पडायचं. आईने लहानपणीच पढवलेलं. पुन्हा असं येणं नको म्हणून. मी मेलीने नेमकं तेच म्हणावं! म्हटलं, चुकलं गं, चुकलं.

सुवर्णाने गज धरले.
"म्हणा ना ताई. तुम्ही तरी म्हणा."

म्हटलं. मोठ्याने म्हटलं, वर बाल्कनीत ऐकू जाईल असं. येते. उद्या येते.