फुंकर

८ जुलै २०१०
आलो बाई एकदाचे! अर्जुनी मोरगावहून जीपनं हाडं खिळखिळी करत इथं पोचलो, तरी मैत्री माझ्या मांडीवर ढाराढूर. आठ महिन्यांची पोर, पण आईला नोकरी लागल्याचा आनंद आईपेक्षा तिलाच जास्त दिसतो. तिच्या बाबानं, राजदीपनं, सामान उतरवलं आणि लगेच तिरोड्याला परतला. तिथल्या वीज प्रकल्पाच्या बांधकामावर त्याची नोकरी. आता दर शनिवारी येत जाईल.

घर देवकाबाईंचं. पोवार शेतकरीण, साठीच्या, एकट्याच राहतात. तोंडानं फटकळ, पण मायाळू. पुढच्या दोन खोल्या आम्हाला, मागची त्यांची, आणि मध्ये धानाची खोली. तिथं माणूस उभा मावेल अशी बांबूची, शेणानं लिंपलेली, धान साठवायची ढोली आहे. मी शाळेत गेल्यावर मैत्रीला कोण पाहील, हे विचारायचीही वेळ आली नाही. "माहे नातू पुण्याले, मी इथं. द्या इकडं पोरीले," म्हणत त्यांनी तिला उचललंच. वाशाला नवी दोरी बांधून पाळणाही टांगला.

समोर इटियाडोह धरणाच्या नहराचं पाणी, पलीकडे टेकडीभर बांबू. विज्ञानाच्या शिक्षिकेला आणखी काय हवं? नागपूरच्या आमच्या इंदोऱ्यात चिमणीसुद्धा पाहुणी.

१९ जुलै
आज आठवीला कुरतडणारे प्राणी शिकवले. उंदीर, घूस, खार, साळिंदर. यांचे पुढचे दात मरेपर्यंत वाढत राहतात. झिजवले नाहीत तर तोंड मिटणार नाही, म्हणून भूक नसली तरी कुरतडावंच लागतं. मुलं एकमेकांना दात दाखवत सुटली. मग अधिवास. अन्न, पाणी, निवारा, यातलं एक संपलं की प्राणी दुसरीकडे जातो. यंदा उन्हाळ्यात टेकडीवरचा बांबू फुलला, म्हातारी माणसं म्हणतात चाळीस वर्षांनी. तांदळासारखं बी जंगलभर सांडलंय आणि उंदरांची दिवाळी आहे. फळ्यावर साखळीच काढली: बी, उंदीर, धामण. एका पोरीनं विचारलं, मॅडम, उंदीर फुंकर घालून कुरतडते, म्हणून झोपेत समजत नाही, खरं का? पुस्तकात तसं काही नाही, म्हटलं. सगळे हसले.

घरी आले, तर माझ्या साखळीची तिसरी कडी धानाच्या खोलीच्या उंबऱ्यावर पसरलेली! माझ्याएवढी लांब. मी किंचाळले. देवकाबाई भाकरी थापत होत्या, त्या जागच्या हलल्याही नाहीत. "घरचीच आहे बाई. कायले भेता? धान राखते ते."

धामण बिनविषारी असते, हे मीच मुलांना सांगते. पण ती पाळण्याखालून गेली.

२५ जुलै
गुरुवारी देवकाबाई लेकीकडे गेल्या आणि मी डाव साधला. अर्जुनीचा सर्पमित्र खुमेंद्र याला बोलावलं. राहू द्या म्हणून त्यानं दोनदा समजावलं. मी म्हटलं, तुझ्या लेकराच्या पाळण्याखालून गेली असती म्हणजे कळलं असतं. त्यानं पोत्यात घालून तिला नहरापलीकडे बांबूत सोडलं. देवकाबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मैत्रीशी मात्र भरपूर बोलल्या, आणि त्यातलं निम्मं मला ऐकवण्यासाठीच होतं.

१६ ऑगस्ट
साबण गेला, चपलेचा अंगठा गेला, आज खडूंचा खोका. साबण खाणाऱ्याच्या तोंडाला फेस आला असेल, असं मी वर्गात सांगितलं. पावसानं बांबूचं बी उगवून आलंय, टेकडी हिरव्या कोंबांनी भरली. म्हणजे तिथलं खाणं संपलं. अन्न संपलं की प्राणी दुसरीकडे जातो. माझंच वाक्य आठवून हसू आलं.

१२ सप्टेंबर
पिंजरा रोज भरतो आणि काही फरक पडत नाही. मैत्री रांगते, तेव्हा विषाच्या गोळ्या ठेवता येत नाहीत. मांजर आणली, ती दिवसभर चुलीच्या कट्ट्यावरून खाली उतरली नाही आणि सकाळी पसार झाली.

आता भर दिवसा आवाज येतो. धानाच्या खोलीतून, एकसारखा. टाळी वाजवली की थांबतो. मग माझ्या पाठीमागच्या भिंतीत सुरू होतो. राजदीप म्हणतो घर बदल. गावात दुसरं घर नाही, आणि उंदरांना भिऊन नोकरी सोडली हे विज्ञानाच्या शिक्षिकेनं कोणत्या तोंडानं सांगायचं?

३ ऑक्टोबर


दुपारी मैत्रीला झोके देत होते. सहज वर पाहिलं. वाशापाशी दोरीचे दोन पेड तुटलेले, तिसऱ्यावर पाळणा. मी तिला उचललं आणि पाळणा धाडकन खाली आला.

दोरी काही खायची वस्तू नाही. दातांसाठी. नुसत्या दातांसाठी.

आजपासून ती माझ्याजवळ, खाली अंथरुणावर.

११ ऑक्टोबर
लाज गुंडाळून ठेवून खुमेंद्रला बोलावलं. धामण परत आणून सोड, नाहीतर दुसरी आण. त्यानं धानाच्या खोलीत बॅटरी मारली, पाहिलं आणि हळूच दार ओढून घेतलं. घामेजला होता. म्हणाला, "आता नाही जमत मॅडम. इथं धामण सोडली त उंदरंच तिले खाऊन टाकतीन."

मी आत काय आहे ते विचारलं नाही. चूक माझी. साखळी मीच तोडली.

२० ऑक्टोबर
हलक्या, लवकर येणाऱ्या धानाची कापणी सुरू झालीय. शेतातल्या बांध्या मोकळ्या होताहेत. तिथले सगळे उंदीर आता घरांकडे. निवारा संपला की —

सकाळी माझी टाच पाहिली. कातडं नाही. रुपयाएवढा पांढरा खळगा. दुखलं नव्हतं. अजिबात नाही.

देवकाबाईंनी हळद भरली. "फुकून फुकून खाते बाई. गार लागते, बरं वाटते, अन् झोप येते." पुस्तकात नाही, असं मी म्हटलं नाही.

२१ ऑक्टोबर
ताप. उभं राहवत नाही. राजदीपला फोन केला. शनिवारी गाडीच घेऊन येतो म्हणाला. माझी नोकरी गेली खड्ड्यात.

देवकाबाई मैत्रीला घेऊन रात्रभर बसल्या. पहाटे त्यांचाही डोळा लागला.

मैत्रीच्या पायाच्या करंगळीला लाल ठिपका.

ती रडली नाही. का रडली नाही?

२३ ऑक्टोबर, शनिवार
राजदीप निघाला. संध्याकाळपर्यंत पोचेल. सामान नको. फक्त आम्ही दोघी.

कापलेलं धान उंदीर बांधीतच खाऊन राहिले, म्हणून देवकाबाईंना जावं लागलं. लवकर येते म्हणाल्या. सगळं गाव शेतावर.

दार लावलंय. खिडक्या बंद. फटींत चिंध्या कोंबल्यात. मैत्री माझ्या मांडीला लागून. झोपायचं नाही. झोप येऊ नये म्हणून लिहिते आहे.

धानाची खोली गप्प आहे. आज पहिल्यांदाच. एवढा वेळ गप्प का —

लाईट गेली. पंखा थांबला. उकडतंय. मैत्री किरकिरते. थोपटते आहे.

थोपटते —

डोळा लागला होता. किती वेळ, माहीत नाही. पेन हातातच.

मैत्री झोपली आहे. शहाणी माझी बाय. हसते आहे झोपेत.

उकाडा गेला. बरं वाटतंय. पायांना छान गार —

तिच्या कपाळावरचं जावळ हलतंय. थांबतं. पुन्हा हलतं. लाईट आली वाटतं.

नाही. पंखा बंदच आहे. खिडकीही बंद. मग हा वारा —